भाकरीच्या आधी आंघोळीचे पाणी

पाटण तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. मी त्यांना आत्याबाई म्हणते. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही, तरी तीन वर्षांपासून त्यांना खोकला आणि धाप आहे, आणि गेल्या हिवाळ्यात दोनदा कराडला दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टरांनी चुलीचा धूर बंद करायला सांगितले आहे. घरात त्यांच्याच नावावर उज्ज्वला योजनेचा गॅस आहे. चहा, दूध, भाजी त्यावर होते. पण भाकरी चुलीवरच हवी असते, आणि पहाटे पाच वाजता उठून सगळ्यांच्या आंघोळीचे पाणीही त्या न्हाणीतल्या चुलीवर तापवतात. मी साडेआठला पतसंस्थेत कामाला जाते. माझा तीन वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ चुलीपाशी असतो, त्यालाही सतत सर्दी-खोकला होतो. मी एकदा गॅसवर भाकरी केल्या, तर आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. यजमान म्हणतात, आमची पणजी चुलीपुढे बसून नव्वद वर्षे जगली. लवकरच नणंद सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी येणार आहे. चुलीला धुराडे बसवले तर भागेल का? आणि आत्याबाईंना न दुखवता हे सांगायचे कसे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरात दोन चुली आहेत आणि वाद मात्र एकाच चुलीवरून चालला आहे. तुम्ही आधी भाकरीच्या चुलीला हात घातलात, आणि नेमकी तीच घरातली सर्वांत अवघड चूल आहे, कारण तिच्याशी चव, आयुष्यभराची सवय आणि आत्याबाईंचा घरातला मान या तिन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत. न्हाणीतल्या चुलीवर कोणाचा जीव जडलेला नाही. पाणी लाकडावर तापले की विजेवर, हे अंगावर घेताना कोणालाही ओळखू येत नाही, आणि पहाटेच्या थंडीत उठून फुंकणी घेऊन बसण्याची हौस ६२ व्या वर्षी कोणत्याही बाईला नसते. म्हणून माझा सल्ला असा आहे की भाकरीचा विषय काही महिने पूर्ण बाजूला ठेवावा आणि आंघोळीच्या पाण्याची सोय आधी बदलावी. हा केवळ घरातली शांतता टिकवण्याचा उपाय नाही. धुराच्या हिशेबानेही तोच क्रम बरोबर आहे.

थोडे आकडे मांडते, म्हणजे यजमानांशी बोलताना तुम्हाला उपयोग होईल. पाच माणसांचे घर धरले, प्रत्येकी एक वीस लिटरची बादली धरली आणि २० अंशांचे पाणी ४२ अंशांपर्यंत तापवायचे म्हटले, तर साध्या चुलीवर त्यासाठी रोज चारेक किलो वाळलेले लाकूड जाते, आणि जळण ओले असेल तर त्याहून अधिक. हेच पाणी गॅसवर तापवले तर १४.२ किलोचा एक सिलिंडर निव्वळ आंघोळीतच सुमारे दीड महिन्यात संपेल. म्हणूनच गॅस आलेल्या घरांतही पाण्याची चूल टिकून राहते. त्यात आत्याबाईंचा हट्ट नाही, काटकसर आहे. घरातला सिलिंडर त्या स्वयंपाकासाठी राखून ठेवतात आणि त्याची किंमत स्वतःच्या फुफ्फुसांनी चुकवतात. हे तुम्ही त्यांच्यासमोर एकदा मोकळेपणाने मान्य करावे, असे मला मनापासून वाटते, कारण आजवर घरात कोणी ते मान्य केलेले दिसत नाही.

शिवाय पाण्याच्या चुलीत काय काय जाते ते एकदा पहाटे उठून पाहा. भाकरीच्या चुलीसाठी बायका चांगले जळण निवडून ठेवतात, कारण जाळ हातातला हवा असतो. पाण्याच्या चुलीत उरलेसुरले सगळे ढकलले जाते: ओल्या फांद्या, अर्धवट वाळलेल्या शेणी, पालापाचोळा, आणि पेटवण म्हणून दुधाच्या पिशव्या किंवा जुनी चप्पल. ओले जळण नुसते धुमसते, आणि धुमसणाऱ्या लाकडातून निघणारा धूर व कार्बन मोनॉक्साइड हे दोन्ही लखलखत्या जाळापेक्षा कितीतरी जास्त असतात. प्लास्टिक आणि रबराच्या धुरात तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये मिसळतात. त्यामुळे बाकी काही बदलण्याआधी, अगदी उद्यापासून, चुलीत प्लास्टिक, रबर आणि रंग दिलेले लाकूड जाणार नाही एवढा नियम घरात करावा. याला पैसे लागत नाहीत आणि यावर आत्याबाईंचीही हरकत असणार नाही.

वेळेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. तुमचा भाग डोंगरकपारीचा आहे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, थंड हवा खोऱ्यात साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. ऊन चढेपर्यंत ते झाकण उठत नाही. पहाटे घराघरांतून निघालेला धूर छपरांच्या थोडा वर जाऊन आडवा पसरतो, हे तुम्ही लहानपणापासून पाहिले असेल; लांबून ते दृश्य सुंदर दिसते, परंतु सगळी वस्ती तोच धूर दोन-तीन तास श्वासात घेत असते. पाण्याची चूल बरोबर याच वेळी पेटते. देशभरातल्या हवेचा अभ्यास केला तेव्हाही हेच दिसले: २०१५ या वर्षाच्या आकडेवारीनुसार भारतातील बाहेरच्या हवेत लोकांच्या वाट्याला येणाऱ्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे पाव हिस्सा घरगुती चुलींतून येत होता, आणि कोणत्याही एका स्रोताचा वाटा इतका मोठा नव्हता. कारखाने आणि वाहने डोळ्यांवर येतात, चूल येत नाही.

आता पर्याय. तुमच्या घराला स्लॅब असेल, तर शंभर लिटरचा सौर बंब हा सर्वांत चांगला उपाय आहे, कारण दिवसा तापलेले पाणी त्याच्या टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहते. मात्र जून ते सप्टेंबर तुमच्याकडे सूर्यदर्शन दुर्मीळ असते, ही गोष्ट विक्रेता सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्या महिन्यांसाठी विजेची जोड लागेल. विजेवर वर दिलेल्या हिशेबाने रोज अडीच ते तीन युनिट पडतात. पाणी तापवण्याचा रॉड स्वस्त असला, तरी घरात लहान मूल असताना मी तो सुचवणार नाही. आयएसआय चिन्ह असलेला छोटा साठवणीचा गीझर, नीट केलेले अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, एवढे करून घ्यावे. वीज गेली त्या दिवशी चूल पेटली तर पेटू द्यावी. वर्षातले वीस दिवस पेटणारी चूल आणि तीनशे पासष्ट दिवस पेटणारी चूल यांत फार मोठा फरक आहे, आणि पहिली सहन केली म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये.

गॅसचा गीझर घेण्याचा विचार कोणी मांडला, तर तो बंद न्हाणीत कधीही बसवू नये. त्याच्या ज्योतीला लागणारा प्राणवायू न्हाणीतल्याच हवेतून घेतला जातो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. आंघोळीला गेलेली धडधाकट माणसे आतच बेशुद्ध होऊन दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात, त्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. धुराच्या चुलीतून सुटून या संकटात पडू नका.

तुमच्या पत्रात जनावरांचा उल्लेख नाही, पण घरात शेणी थापल्या जात असतील तर गोठ्यात शेण असणार. एक घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला दिवसाला सुमारे पंचवीस किलो शेण लागते, म्हणजे दोन-तीन मोठी जनावरे असली तरी ते चालते. शेणीचा धूर लाकडापेक्षाही वाईट. आणि तेच शेण संयंत्रात घातले तर निळ्या ज्योतीचा गॅसही मिळतो आणि वर शेतासाठी मळीचे खतही उरते. शेण जाळले की खत गेलेच. पंचायत समितीच्या कृषी विभागात या योजनेची चौकशी करता येते. थंडीत गॅस कमी निघतो, शेण रोज कालवावे लागते, आणि संयंत्राकडे लक्ष देणारा माणूस घरात नसेल तर ते दोन वर्षांत बंद पडते. तुमच्या यजमानांची तयारी असेल तरच त्यात पडावे.

धुराड्याबद्दल तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही, आणि या प्रश्नावर जगभरात झालेले काम समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे बिनधुराच्या चुली नव्या नाहीत. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या किती टिकल्या हे तुमच्या गावातल्या जुन्या बायकांना विचारा. ओडिशात अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की धुराड्याच्या चुली बसवल्यावर पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण पुढे धुराडे साफ होईना, भेगा बुजवल्या जाईनात, बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या आणि फायदा जवळजवळ नाहीसा झाला. ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागातल्या दुसऱ्या एका अभ्यासात चुली चांगल्या राखल्या गेल्या, मुलांच्या वाट्याला येणारा धूर निम्म्यावर आला, तरीही न्यूमोनियाच्या एकूण प्रमाणात ठामपणे सांगता येईल इतकी घट झाली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. याचा अर्थ असा की अर्धा धूर म्हणजे अर्धा आजार नव्हे. धुराचे मूळ प्रमाणच इतके प्रचंड असते की ते निम्मे झाले तरी फुफ्फुसांना झेपण्याच्या कितीतरी पलीकडे राहते.

ते किती प्रचंड असते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी आहे की केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या भागाइतके बारीक कण हवेच्या एका घनमीटरमध्ये दिवसभराच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताची स्वतःची मर्यादा ६० आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हाच आकडा कित्येक शेकड्यांत असतो आणि हजाराच्याही वर जातो. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधील खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांजवळची हवा मोजली होती, आणि पुढे तो सांगत असे की चुलीचा धूर म्हणजे स्वयंपाकघरात तासाला चारशे सिगारेटी जाळण्यासारखे आहे. आत्याबाईंनी कधी विडी ओढली नाही, हे तुम्ही आश्चर्याने लिहिले आहे. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमके हेच मांडले होते की श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी हा आजार केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही आणि जगाचा विचार केला तर चुलीचा धूर हे त्याचे कदाचित सर्वांत मोठे कारण असावे.

तेव्हा धुराडे जरूर बसवा, पण ते मुक्कामाचे ठिकाण नाही, वाटेतला थांबा आहे असे समजून बसवा. भाकरीची चूल अजून काही काळ राहणार असेल तर धुराड्याचे तोंड छपरापेक्षा चांगले उंच असावे, शेजारच्या खिडकीकडे वळलेले नसावे, आणि आतली काजळी दर पंधरा दिवसांनी पाडावी. चूल परसात, तीन बाजूंनी उघड्या छपरीत हलवता आली तर ते बंद खोलीतल्या धुराड्यापेक्षाही बरे. जळण वर्षभर आधी तोडून, चिरून, पावसाच्या आत छपराखाली रचून ठेवावे. लाकडाचे टोक तडकलेले असेल आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला, तर ते वाळले आहे.

यजमानांच्या पणजीबाईंविषयी. त्या नव्वद वर्षे जगल्या हे खरेच असेल, आणि त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच हे लिहिते. परंतु त्यांच्या बरोबरीच्या ज्या बायका पन्नाशीतच धाप लागून गेल्या, ज्यांची बाळे 'छाती भरून' गेली, त्यांची आठवण घरात कोणी काढत नाही, कारण त्या मरणांना कोणी चुलीचे नाव दिलेच नव्हते. दुसरी गोष्ट अशी की पणजीबाईंचे घर कौलारू असणार. कौलांच्या फटींतून धूर दिवसभर झिरपत असे, भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसत. आज स्लॅबच्या, छोट्या खिडकीच्या खोलीत तीच चूल आणून ठेवली असेल, तर धुराला जायला वाट उरत नाही. धुरामुळे वासे किडत नाहीत असे जुनी माणसे सांगत आणि ते बरोबरच होते, कारण किडीला तो धूर सोसत नसे. जो धूर लाकूड पोखरणाऱ्या किड्याला सोसत नाही, त्याच धुरात आपण तीन वर्षांचे मूल बसवतो आहोत, एवढेच यजमानांना शांतपणे सांगा.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चूल ही सासू-सुनेतली बाब आहे असे समजून ते बाजूला उभे आहेत. सिलिंडर कधी भरायचा, गीझर घ्यायचा की नाही, न्हाणीत वीज न्यायची की नाही, हे निर्णय पैशांचे आहेत, आणि पैशांचे निर्णय बहुतेक घरांत पुरुष घेतात. २०२३-२४ मध्ये देशभरातल्या उज्ज्वला लाभार्थींनी घरामागे वर्षाला सरासरी चार सिलिंडरही भरले नाहीत. जोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्हींमध्ये भरलेल्या सिलिंडरची किंमत उभी असते. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वला जोडणीवर सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, आणि राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची तरतूद केली आहे. या योजनांचे नियम आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून यजमानांनी स्वतः गॅस एजन्सीत जाऊन आत्याबाईंच्या नावावर काय जमा होते आहे, आधारची पडताळणी झाली आहे का, हे पाहून यावे. संपण्याच्या आठवडाभर आधी सिलिंडर नोंदवणे हे त्यांचे काम ठरवून टाका. गॅस मध्येच संपला की चूल पेटते, आणि एकदा पेटली की ती महिनाभर पेटतच राहते.

आता भाकरी. चुलीवरची भाकरी वेगळी लागते, हा आत्याबाईंचा समज नाही, ते सत्य आहे, आणि ते नाकारल्याने तुमची बाजू दुबळी होते. तव्यावरून उतरवलेली भाकरी निखाऱ्यांपुढे उभी केली की चहूबाजूंनी सौम्य आच लागते आणि पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. गॅसची ज्योत एका ठिकाणी जोरात लागते, त्यामुळे पातळ तव्यावर भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड लोखंडी तवा घ्या, तो मोठ्या शेगडीवर चांगला तापू द्या, पाणी फिरवलेली बाजू उलटून झाल्यावर तवा काढून भाकरी थेट ज्योतीवर जाळीच्या साहाय्याने फिरवत शेका. पहिले आठ दिवस जमणार नाही. दुसरी अडचण बसण्याची आहे. आत्याबाईंनी आयुष्यभर बसून भाकरी थापली, आणि ओट्याशी उभे राहून काठवटीत पीठ मळणे त्यांच्या पाठीला जमत नसावे. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी हा सुरक्षेचा नियम असल्यामुळे ती जमिनीवर ठेवू नका. त्यांच्यासाठी पाठ असलेले उंच स्टूल करून घ्या. इतकी साधी सोय कितीतरी घरांत कोणाला सुचत नाही.

सांगायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर यातच थोडेफार आले आहे. 'चुलीने तुम्हाला आजार झाला' असे म्हटले की त्या वाक्यात 'तुम्ही आमच्या मुलाला आजारी पाडले' हे न बोललेले वाक्य ऐकू येते. ज्या बाईने चाळीस वर्षे धूर खाऊन घराला जेवू घातले, तिला हे ऐकणे असह्य होते. त्याऐवजी पाण्याची सोय झाल्यावर एवढेच म्हणा, "आत्याबाई, आता पहाटे उठू नका, पाणी तापलेले असेल." थोडे दिवस जाऊ द्या. पहाटेचा धूर गेल्यावर सकाळचा खोकला थोडा जरी हलका वाटू लागला, तर पुढचे तुम्हाला सांगावे लागणार नाही; ते त्याच बोलतील. मग भाकरीसाठी त्यांनाच गुरू करा. गॅसवर तुमच्या हाताला जमत नाही ते त्यांच्या हाताला जमेल, आणि घरातली भाकरी कशी असावी हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहील. सणावाराला परसातल्या चुलीवर त्यांनी भाकरी किंवा मटण केले, तर तेवढे त्यांना करू द्या.

नणंदबाई येण्यापूर्वी मात्र एका बाबतीत तडजोड करू नका. गरोदर बाईने चुलीपुढे बसू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वारेतून बाळाच्या रक्तात जातो, आणि चुलीच्या धुराचा कमी वजनाच्या बाळांशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची आणि बाळाला ओवा-वेखंडाची धुरी देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल. त्यामागची माया मला समजते, पण दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्रभर ठेवलेले निखारे आई आणि बाळ या दोघांचाही जीव घेऊ शकतात, मग धूर दिसो वा न दिसो. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून वापरा, बाळाला टोपी-मोजे घाला आणि आईच्या उराशी धरू द्या. हे आत्याबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या लेकीने किंवा गावातल्या आशाताईंनी सांगितले तर बरे पडेल. त्या खोलीत डासांची कॉइलही लावू नका, तिचा धूर कमी दिसतो म्हणून तो निरुपद्रवी नसतो, मच्छरदाणी बांधा.

आत्याबाईंच्या औषधांविषयी तुम्ही काही लिहिले नाही, त्यामुळे इतकेच सांगते की त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी, झाली आहे का हे आधी पाहा. ती झाली नसेल तर कराडला किंवा साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडून करून घ्या, कारण दमा आणि सीओपीडी यांचे उपचार वेगळे असतात आणि नुसत्या छातीच्या फोटोवरून त्यांतला फरक कळत नाही. 'पंप एकदा लागला की सुटत नाही' अशी गावाकडे भीती असते. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून ते गोळीपेक्षा फार कमी मात्रेत पुरते, आणि सीओपीडी असेल तर पंप हाच मुख्य उपचार आहे. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयीही विचारा. आत्याबाई मिश्री लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. अरुंद झालेल्या नळ्या पुन्हा पूर्ववत होणार नाहीत, हे तुमच्यापासून लपवत नाही. परंतु धूर थांबला तर उतरण मंदावते, आणि दरवर्षीच्या दवाखान्याच्या वाऱ्या टळू शकतात. त्याच फेरीत डोळेही तपासून घ्या, कारण धुरात काम करणाऱ्या बायकांमध्ये मोतीबिंदू अधिक आढळतो.

राहिला मुलगा. चूल पेटलेली असेल तेवढा वेळ तो दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात असावा, आणि यासाठी अंगणवाडीची वेळ उपयोगी पडत असेल तर भाकरी त्याच वेळात होऊ द्या. त्याला सर्दी-खोकला असताना तो शांत झोपलेला पाहून सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. त्याच्या वयाला मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तो पाणी पीत नसेल किंवा नेहमीपेक्षा सुस्त पडून असेल, तर सकाळची वाट पाहू नका, रात्री असेल तरी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हे मोजायला आत्याबाईंनाही शिकवा, कारण दिवसभर त्याच्याजवळ त्याच असतात.